गीझर

निवृत्त झाले त्याच महिन्यात मी गीझर बसवला.
पंधरा लिटरचा, पांढरा, लाल दिव्याचा.
छत्तीस वर्षं नर्सेस क्वार्टर्सच्या सामाईक न्हाणीपुढं
बंबाच्या पाण्यासाठी बादली धरून उभी राहिले.
आता मिरजेत स्टेशनच्या अंगाला माझ्या दोन खोल्या
आणि बटण दाबलं की ऊन पाणी.
पहिल्या दिवशी आभार मानले ते गुडघे टेकून नाही,
डोक्यावरून तांब्या ओतत, मोठ्यानं.

पुढच्याच रविवारी पाळकसाहेब आले.
चहा बशीत ओतून प्यायले, बशी खाली ठेवली, म्हणाले,
सिस्टर सुवार्ता,
जतच्या पलीकडं, संखच्या वाटेला
आपला जुना दवाखाना आहे ना,
तबिथाबाई गेल्यापासून कुलूप आहे त्याला.
एवढंच.
मी म्हटलं, प्रार्थना करते.
आमच्यात नाही म्हणायची ही सभ्य रीत आहे.

एकोणीस वर्षांची असताना
शिबिरात शेकोटीसमोर उठून उभी राहिले होते,
सगळं देते म्हणाले होते. पोरी रडल्या होत्या.
तेव्हा सगळं म्हणजे
एक पत्र्याची ट्रंक आणि चार पातळं.

तो श्रीमंत तरुण, जो सगळं ऐकून
तोंड पाडून घरी गेला,
त्याचा मला पूर्वी फार राग यायचा.
संडे स्कूलच्या पोरांना सांगताना
मी त्याला जरा जास्तच वाईट करायचे.
आता वाटतं, बिचाऱ्यानं
नुकतंच काहीतरी बसवलं असेल घरात.

क्रूस मागितला असता तर कदाचित हो म्हणाले असते.
त्याची तयारी होती, त्याची गाणी पाठ होती.
मागितला गीझर.

ओबेद म्हणाला, ताई, गुडघे बघ स्वतःचे.
तुझी सेवा झाली की.
भाऊ खोटं बोलत नव्हता,
म्हणूनच रात्री झोप लागेना.
पहाटे पुण्याकडं जाणारी गाडी शिटी देऊन गेली
आणि मी अंधारात म्हटलं, बरं.
फार भक्तीनं नाही. वैतागून.
लेकरू हट्टाला पेटलं की आई म्हणते ना, तसं.

खोल्या भाचीला दिल्या. शीबा तिथून कॉलेजला जाते.
फोन केला की आधी तिची तब्येत विचारते,
मग आडून विचारते, गीझर चालतो ना गं?

इथं टँकर गुरुवारी.
उन्हाळ्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी
हात भाजेल इतकं तापतं, नको असतं तेव्हा.
आणि पौषातल्या पहाटे त्याच टाकीला हात लावला
की बोटांतून कळ थेट दातांपर्यंत.
मी अजून कुरकुरते. देवाला रोज ऐकावं लागतं.

पेशंट बहुतेक कानडी बोलणारे.
मला दोनच शब्द येत होते, एल्लि आणि नोवू.
कुठं, आणि दुखणं.
मल्लव्वा पहिल्या दिवशी बाकावर बसली,
मी विचारलं, एल्लि नोवू?
तिनं टाचेपासून सुरुवात केली,
गुडघा, कंबर, मग सून,
मग आटलेली विहीर, मग तासगावला गेलेला मुलगा.
शेवटी माझ्याकडं बोट करून तिनंच विचारलं,
एल्लि?
मी गुडघा दाखवला.
ती हसली. तिचा विश्वास बसला नाही.

दवाखान्याच्या मागं माळावर खोकडाचं बीळ आहे.
दिवस बुडताना ते बाहेर येतं,
कान टवकारून माझ्याकडं बघतं,
मग शेपटी सावरत आत, आपल्या घरी.
त्या बिळावरचं वचन मला लहानपणापासून पाठ आहे.
अर्धं म्हणते. पुढचं अर्धं
अजून ओठांवर येत नाही.

उद्या गुरुवार.
बादल्या घासून पालथ्या घातल्यात.