उपजत

सेतुबालच्या सार्डिन कारखान्यात
पगाराची वही माझ्याकडे आहे, एकोणीस वर्षं.
डावीकडे नाव, उजवीकडे आकडा,
मध्ये एक अरुंद रकाना : कामाचा दर्जा.
जे काय घडतं ते तिथेच.

अदेरितू डबे बंद करायच्या यंत्रापाशी उभा असतो.
त्याच्या रकान्यात 'कारागीर'.
पूर्वी डबे हातानं डाख लावून मिटवत, तेव्हाचा शब्द.
डाख गेला, विस्तव गेला, ते म्हातारेही गेले.
शब्द राहिला,
आणि शब्दामागून दर.

झुल्मिराच्या रकान्यात 'मदतनीस'.
बोट लागली की भोंगा होतो,
रात्रीचे तीन का असेनात, ती हातातलं टाकून येते.
भोंगा ते भोंगा एवढाच तिचा दिवस धरायचा;
मधलं ताटकळणं कुठल्याच वहीत नाही.
मिनिटाला बावीस मासे, डोकं, आतडं, शेपूट,
काट्याला धक्का न लावता.

एकदा धीर करून साहेबांना विचारलं,
हे कसब नव्हे का?
ते हसले. माणूस वाईट नाही,
नाताळात प्रत्येकीला तेलाची बाटली देतो.
म्हणाले, "अहो, ते बायकांच्या बोटांत उपजतच असतं.
उपजत गोष्टीचे का कुणी पैसे मोजतं?"
मी मान हलवली.
मान हलवणंही माझ्यात उपजत असावं.
त्याच वर्षी हिशेबाला नवा मुलगा आला.
बेरजा मी शिकवल्या त्याला.
त्याची ओळ दर महिन्याला मीच लिहिते,
माझ्या ओळीच्या वर.

झुल्मिराचे हात तुम्ही पाहिले नाहीत.
एका अंगठ्यावर आठ वण,
पहिला नवव्या वर्षीचा.
खारवणात तो पंधरा दिवस भरलाच नाही.
शेजारच्या पाटावरून आई म्हणायची,
रड हवं तर, सुरी खाली ठेवू नको.

गेल्या मंगळवारी तिला नात झाली.
सुनेच्या नावापुढे मी आधीच लिहून ठेवलं होतं :
बढतीचं पुढल्या वर्षी पाहू.
तसं लिहायचा रिवाज आहे.

पोर झोपलेली, मुठी घट्ट.
झुल्मिरा वाकली.
वास लागू नये म्हणून हात तीनदा लिंबानं धुतलेले.
एकेक बोट सोडवत तिनं ती मूठ उघडली
आणि बघत राहिली, बराच वेळ.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
"ये, नीट बघ गं, तुला वहीत लिहायचंय.
सुरी दिसते का कुठे?"