सतरा थेंब

भद्रावतीच्या भट्टीवर एकतीस वर्षं मी झिलई कालवली,
म्हणून आर्याजींनी वाडगा माझ्याकडे पाठवला.
विहारातलं पोरगं घेऊन आलं, बिस्किटाच्या डब्यात,
खाली धानाचा कोंडा, वर जुना दुपट्टा,
मध्ये तीन तुकडे.

व्हिएतनामचा, पाचशे वर्षांचा, आजोबांच्या घरातला,
विमानात मांडीवर धरून आणलेला,
आणि इथे आमच्या तलावाच्या पाळीवर
माकडाने पाडलेला.

पहिले पालथा घातला. भांडं खालूनच खरं बोलतं.
बूड चॉकलेटी.
जमिनीला टेकणारी बाजू कोण बघतं,
तरी कुणीतरी रुंद कुंचला फिरवला होता, एकदाच, घाईत.
कुंचल्याचा एक केस सुटून तिथेच जळला,
त्याची रेघ अजून आहे.
आत तळाला झिलई खरवडून काढलेलं कडं:
म्हणजे यावर दुसरा वाडगा बसला होता, त्यावर तिसरा.
भट्टीतली जागा तिकडेही महागच.

काठाला वेल, फुलं, एकात एक अडकलेली.
मधोमध मासा.
डोक्याशी निळा गच्च, शेपटीकडे रंग संपत गेलेला,
तरी त्याने कुंचला पुन्हा बुडवला नाही.
मला तो माणूस आवडला.

मग सवयीने वहीत लिहिलं:
झिलई हिरवट, बारीक भेगांची जाळी, बरी.
दोष: माशाच्या पोटाखाली निळे थेंब, सतरा.
कुंचला झटकला असावा.
असा माल आम्ही पास करत नव्हतो.
शेडच्या मागे खड्डा होता
आणि हातोडी माझ्याकडे.

पार्बताबाई मासोळ्यांचं टोपलं उतरवून ओट्यावर टेकली.
तुकडे पाहिले, पदराला हात पुसला,
एक उचलला.
"मरळ हाये."
व्हिएतनामचा आहे, मी म्हटलं.
"असन. डोकं पाय ना गा, सापावानी."
मग तिचं बोट, जाळ्याच्या दोरीने चिरलेलं,
थेंबांवर आलं.
"अन् हे तिचे पिलं."

मी काही बोललो नाही.
"मरळ पिलं घेऊन फिरते ना.
पाण्यावर असा ठिपक्यायचा घोळका दिसला का
आमी तिथं जाळं टाकत नाई. खाली माय असते. बाप बी असते."
ही माय आहे का बाप?
"ते चित्रवाल्याले विचार."

मग तिने मोजले. सतरा.
"अन् अठरावं अर्धं," म्हणाली.
फुटलेल्या कडेवर खरंच अर्धा थेंब होता.
उरलेला अर्धा, टिकलीएवढ्या टवक्यासकट, कुठेतरी गेला होता.
कोंडा दोनदा चाळला. पाळीवर जाऊन माती उकरली.
तिने मला दोन बोटरी दिल्या, पैसे घेतले नाहीत,
कदाचित माझं तोंड पाहून.

त्या रात्री खड्डा आठवला.
ताटल्या, बरण्या, एक लोटा,
सगळ्यांवर काही ना काही उडालेलं.
कोणी काय काढलं होतं, विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर म्हणाले असते, चुकून उडालं साहेब.
तेही खरंच असेल.

तुकडे जोडले. टवक्याच्या जागी पांढरं भरलं, घासलं.
कामाच्या शेवटच्या दिवशी आगपेटीत घालून आणलेला
चिमूटभर कोबाल्ट फळीवर आहे अजून.
आगपेटी उघडली.
कुंचला ओला केला, वाळू दिला, पुन्हा ओला केला.
आगपेटी बंद केली.

आर्याजींनी वाडगा उन्हात धरला, फिरवला,
पांढऱ्या जागेवर नख ठेवून माझ्याकडे बघितलं.
माझ्याकडे तेवढी हिंदी नव्हती.
मी तलावाकडे बोट दाखवलं.
त्या बराच वेळ बघत राहिल्या तिकडे,
जिथे शिंगाड्याचे वेल होते
आणि एक पोरगं सायकल धूत होतं.