काट्यावर न आलेलं वजन

सेलूच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर असतो.
गाडी भरून तोलायची, रिकामी करून तोलायची,
मधला फरक म्हणजे कापूस.
अकरा वर्षं मी फरकच लिहीत आलोय.

पौषातल्या एका पहाटे
गंजीमागच्या काटेरी तारेत ते लटकलेलं दिसलं.
मधोमध चिरलेल्या सफरचंदासारखं तोंड,
उजवा पंख पिळून तारेत,
आणि जखमेला रुई चिकटलेली,
जणू कुणी आधीच पट्टी करून गेलंय.

हमाल लांबच उभे.
घुबडाला दगड मारू नका, ते तो उचलून नेतं,
नदीत घासत बसतं,
दगड झिजला की मारणारा झिजतो.
अन् नाव तर घेऊच नका एकमेकाचं त्याच्यापुढं.
म्हणून तासभर सगळे
एकमेकाला नुसतं "ए, तू" म्हणत होते.

जब्बार फिटर पक्कड घेऊन आला.
"माझं नाव जब्बार. पाठ कर म्हणावं,"
आणि तार दोन्हीकडून तोडली.
पंखातला तुकडा पंखातच राहू दिला.

परभणीला फोन लावला. वनरक्षक घोंगडे बाई.
पाणी पाजू नका, म्हणाल्या.
दूध तर नाहीच.
फोटो काढत बसू नका.
मग द्यायचं काय?
अंधार द्या.

बिलबुकांचा खोका रिकामा केला,
टोच्यानं भोकं पाडली, तळाला माझा मफलर.
वजन किती भरतं, बाईंनी विचारलं होतं.
मला! वजन!
खोका घेऊन मी काट्याच्या मधोमध उभा राहिलो.
खिडकीतून जब्बारनं आकडा वाचला: सत्तर.
खोका खाली ठेवून परत उभा राहिलो.
सत्तर.
साठ टनांचा काटा,
दहा किलोच्या आतलं त्याला काही कळत नाही.

शेवटी स्टेशनसमोरच्या मटणवाल्याकडं गेलो.
खोका अन् मफलर वजा जाता दोनशे साठ ग्रॅम.
"लई हाडकुळं हाय," तो म्हणाला,
मग जरा थांबून,
"जिवंत परत न्यायला
आजवर कुणी तोलून घेतलं नव्हतं."
पैसे घेतले नाहीत.

पॅसेंजर. ढेंगळी पिंपळगाव, मानवत रोड.
खोका मांडीवर.
काय हो हे? शेजारच्या बाईनं विचारलं.
मिठाई, म्हणालो.
आतून सायकलची हवा सोडल्यासारखा आवाज आला.
"मिठाई रागात हाय की वो," ती म्हणाली,
पाय वर घेतले,
आणि वारा लागंल म्हणून
खिडकी ओढून घेतली.

डॉक्टर म्हणजे माझ्या पुतणीएवढी पोरगी.
तार काढताना तिनं श्वास धरला, मीही धरला.
ते मात्र सगळं बघत होतं,
मान अशी फिरवून की आमचीच दुखावी.
उडेल का?
हाड कोपराजवळ मोडलंय, ती म्हणाली,
आत्ताच सांगता येत नाही,
पुढं मोठ्या केंद्रात पाठवू.
अर्जावर रकाना होता: वजन.
मी २६० लिहिलं.
इतक्या वर्षांत कटती न लावता लिहिलेला
हा पहिलाच आकडा.

आता आठवड्याला घोंगडे बाईंचा मेसेज येतो.
नुसता आकडा.
दोनशे नव्वद. तीनशे दहा.
मध्ये एक आठवडा काहीच नाही,
त्या आठवड्यात मी दोन पावत्या चुकलो.
मग तीनशे पाच.

"आज काय भाव?" जब्बार विचारतो.
तीनशे तीस.
"चढला," तो म्हणतो, आणि पट्टा बसवायला जातो.
ते दगडाचं सांगणारे हमालमामा
अजूनही नाव घेत नाहीत,
पण बिडी विझवून हळूच विचारतात,
"तुमच्या त्याचं काय?"

उडालं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

गंजीमागची सगळी तार गुंडाळून
काल भंगारात दिली.
भंगारवाल्याच्या तागडीत अकरा किलो भरली.
माझ्या काट्यावर दहा.