एक बोट फट

मेळ्यात करमाफी होती म्हणून गाडी घेतली,
असं आम्ही लोकांना सांगतो.
खरं तर मी मागच्या दारातून डोकावले
तेव्हा ओटा दिसला, हातभर,
आणि ओट्याखाली ओव्हन,
शाळेच्या ट्रंकेएवढा,
आत निळ्या ज्योतींची एकच रांग.

पहिल्या घाण्याला सोळा नानकटाया.
मागच्या डाव्या चार कोळसा.
दाराजवळच्या चार
पहाटे उठवलेल्या पोरांसारख्या पांढऱ्याफटक.
मधल्या आठांत प्रत्येकीचं वेगळं मत.
मी म्हटलं, भट्टी वेडी आहे.
अच्युत म्हणाला, वेडी नाही, पक्षपाती आहे.
चौतीस वर्षं सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत
लोकांच्या पोरांची थर्मामीटरं धुतलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाळीवर
पावाच्या नऊ चकत्या मांडल्या.
लोणी नाही, काही नाही. सात मिनिटं.
मग त्याच क्रमानं ओट्यावर ठेवल्या:
काळी, तांबूस, गव्हाळ, गव्हाळ,
आणि दाराशी तीन, नुसत्या सुकलेल्या.
हा नकाशा, तो म्हणाला.
मी बघत राहिले.
इतकी वर्षं हाताला झळ लागली की भाकरी उलटली;
आग कुठे बसते हे कुणी असं
पावावर लिहून दाखवलं नव्हतं.

मग उपाय.
चाकाखाली वीट, कारण लष्करातली आमची गल्ली
गटाराकडे उतरते, आणि केकही तसाच उतरायचा,
एक काठ दोन बोटं, एक काठ चार.
ताटलीतलं पाणी सपाट झालं, तेव्हा वीट बरोबर.
जाळी एक खाच वर.
अर्ध्या वेळेला ताट फिरवायचं.
दार उघड, श्वास धर, बंद कर,
तरी जानेवारी आत शिरायचाच.

शेवटी ग्यासीराम.
मैदानामागे बसून दगडाच्या जाळ्या कोरतो.
बोटाएवढ्या जाडीची फरशी आणली त्यानं,
इथलाच पिवळट दगड,
ओव्हनच्या तळाला मापून, घासून,
पायात मोजा बसावा तशी.
"भौजी, पथरा देर से तपता है,
पर तप गया तो सबको बराबर देगा."

चाळीस मिनिटं तापवला. दोनदा चहा झाला.
कोपरा करपला नाही, खरं आहे.
वरून काही भाजलंच नाही.
ज्योत दगडाखाली धापा टाकायची
आणि मधेच विझायची.
अच्युतनं वहीत लिहिलं: प्रयोग फसला. कारण अज्ञात.
चार कच्च्या त्यानंच खाल्ल्या,
जशा पूर्वी चार जळक्या खायचा.

फेब्रुवारीत निघालो एकदाचे. दतियापर्यंतच.
डबऱ्याच्या अलीकडे एक गतिरोधक,
पांढरे पट्टे कधीच पुसलेले.
मागे टक्क झालं.
पुढचे वीस किलोमीटर आम्ही
मोहरीच्या शेतांविषयी बोललो.

तळ्याकाठी गाडी लावली, ओव्हन उघडला.
फरशीची दाराकडची कड गेली होती,
बोटभर रुंद पट्टी, पार भुगा.
तो म्हणाला, काढूनच टाकतो आता.
मी म्हटलं, राहू दे, पीठ मळलेलं आहे, भूक आहे.
भुगा झाडला. गॅस पेटवला.
ज्योत या वेळी धापली नाही.
फटीतून ऊब वर निघाली,
दाराशी, जिथे कधीच पोचली नव्हती.

ताट फिरवायचं विसरलो.
पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं,
आम्ही ते पाहत बसलो.

सोळाच्या सोळा एका रंगाच्या.
अच्युतनं सवयीनं मागच्या डाव्या कोपऱ्यातली उचलली,
उलटी करून खालून पाहिली,
मग दाराजवळची, मग मधली.
वही काढली.
दतिया. सव्वापाच. फट, एक बोट.
कारणाच्या रकान्याशी थांबला.
पेन शोधायला की काय कुणास ठाऊक,
हातातली नानकटाई त्यानं तिथेच ठेवली.
उचलली तेव्हा रकान्यात
तुपाचा डाग होता. गोल.