ता. क.

दिवाडीहून मावशीची पत्रं यायची
फेरीबोटीचं डिझेल आणि सुक्या सुंगटांचा वास घेऊन.
निळं आंतर्देशीय, घडीच्या कडेवरसुद्धा लिहिलेलं.
‘चि. सौ. हेमलतेस अनेक आशीर्वाद.
इकडील सर्व क्षेम.’
खाली ह्यांचा खोकला,
बोटीवर गेलेल्या थोरल्याचं न आलेलं पत्र,
बांध फुटून खाजनात शिरलेलं खारं पाणी.
आम्ही, आम्हांस, आमचेकडे.
एकेचाळीस वर्षांत ‘मी’ एकदाही नाही.
बेळगावात वाचून झाली की
ती बिस्किटांच्या डब्यात पडायची.

काका गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी
एका ओळीतलं ‘आम्ही’ खोडलेलं दिसलं.
वर, मुंगीएवढं, ‘मी’.
‘मी काल एकटी पणजीला गेले.
काही काम नव्हतं.’

मग अक्षर मोठं होत गेलं.
मोतीबिंदूमुळे, असं तिचं म्हणणं.
शुद्धलेखन बिघडलं, क्षेम गळालं.
‘मला राग येतो, हेमा. पूर्वीही यायचा.
लिहायला जागा नसायची.’
‘शेजारच्या फिलोमेनासोबत तियात्र पाहिला.
इतकी हसले की कवळी हातात धरून बसले.’
‘थोरला म्हणतो, घर विकू.
मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं.
दुसऱ्यांदा त्याला ऐकू आलं.’

उत्तर लिहायला बसले की
माझं पेन ‘आम्ही सगळे’वर येऊन थांबतं.

कालच्या पत्रात सहीखाली रेघ, आणि रेघेखाली:
‘ता. क. सोलं पाठवते आहे.
या खेपेस मीठ कमी घातलंय.
मला कमीच आवडतं.
आत्ता कळलं.’