पंचवीस किलो

वाल्दिव्हियात आमची भट्टी पहाटे चारला पेटते.
माझ्या हाताखालून रोज नऊशे पाव जातात
आणि त्यांतला एकही मी खात नाही आता.
पोटात जागा उरलीय कोंबडीच्या अंड्याएवढी,
त्यात आधी मासळीचा तुकडा,
मग वाटीभर दही,
पाव अगदी शेवटी,
लग्नात मागच्या पंगतीला बसवलेल्या
गरीब नातलगासारखा.

पोट कापून शिवलं तेव्हा मी एकशे अठरा किलो होते.
चौदा महिन्यांत एक्कावन्न गेले.
म्हणजे पिठाची दोन पोती, वर किलोभर.
गल्लीतल्या बायका म्हणाल्या,
नेलिदा, कशी सुटसुटीत झालीस गं!
काय काय गेलं, ते कुणी विचारलं नाही.
काटा आकडा सांगतो,
हिशेब देत नाही.

हिशेब कळला जुलैतल्या थंडीत.
पोतं उचलायला वाकले,
वीस वर्षं उचललेलं, पंचवीस किलोचं,
आणि ते हललं नाही.
जणू त्यानं मला ओळखलंच नाही.
एलिसेओ धावत आला, एकोणीस वर्षांचं पोर,
"राहू द्या, मावशी,"
आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला.
मी जाडी होते तेव्हा लोक हसायचे, खूप हसायचे,
पण "राहू द्या" कधी कुणी म्हटलं नव्हतं.

भाडेकरू जागा सोडताना
मालकाच्या खुर्च्याही गाडीत घालतो,
तशी चरबी जाताना मांस घेऊन गेली होती.

नदीकाठी बंद पडलेल्या लाकूडगिरणीत
ओर्तेन्सिया बारियेंतोसची व्यायामशाळा.
वय सदुसष्ट. एके काळी गोळा फेकायची.
आता विणत बसते, आणि विणता विणता आपली मोजणी करते.
पहिल्या दिवशी तिनं हातात झाडूचा दांडा दिला.
म्हटलं, मी केर काढायला आले नाही.
म्हणाली, आधी पाठीतला काढ.

मग बाकावरून ऊठ, बाकावर बस.
मग दांड्याच्या जागी लोखंडी दांडी,
मग दांडीला चकत्या, बशीएवढ्या, मग परातीएवढ्या.
डब्यातली प्रोटीनची पूड, ओल्या पुठ्ठ्याच्या चवीची,
घोटाघोटानं, घड्याळ बघत.
जिना उतरताना मांड्या रडायच्या,
मी नाही. एकदाच. न्हाणीघरात.

चौथ्या महिन्यात काटा वर गेला,
एक किलो, आठशे ग्रॅम.
उभ्या जन्मात काटा वर गेला की
माझी मान खाली गेलीय.
त्या दिवशीही गेली.
ओर्तेन्सियानं पहिल्यांदा विणकाम खाली ठेवलं,
स्वेटरची बाही मोजायची टेप
माझ्या मांडीभोवती गुंडाळली
आणि काही बोलली नाही. आकडा दाखवला फक्त.

घरी येताना मला आपली कणीक आठवली.
पीठ फुंकरीनं उडतं.
मळलेली कणीक हाताला धरून राहते,
आणि मळून झाली की झाकून ठेवावी लागते,
ती वाढते तेव्हा आपण तिच्याजवळ नसतो.
एवढं साधं, मला,
जिचा जन्म पिठात गेला तिला,
दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का?

दंडाची कातडी अजून लोंबते.
लोंबू दे.
रिकामी पोती आमच्याकडे फेकत नसत;
आई ती धुऊन त्यांचे टॉवेल शिवायची.
गिरणीचं नाव त्यांवर वर्षभर टिकायचं.
तोंड पुसताना गालावर खरबरीत लागायचं.

आज मंगळवार.
गुडघे वाकवले, पाठ सरळ,
श्वास पोटात, त्या अंड्याएवढ्या जागेच्याही खाली,
आणि पोतं निघालं.
मांडीशी आलं, कमरेशी आलं.
धक्क्यावर समुद्रसिंह ओरडत होते,
त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.
दुसरं आणलं. तिसऱ्याला जरा थांबले.

एलिसेओ उशिरा आला, डोळे चोळत.
पोती कुणी आणली?
मी पाव मोजत होते.
आठशे एक्क्याऐंशी, म्हटलं,
मध्ये बोलू नकोस.