तार आधी, पत्र नंतर

तार सोमवारी आली.
पत्र शुक्रवारी:
'इथलं जेवण अळणी. शेंगाचटणी पाठवा.
अप्पांना सांगा, बोटीची घरघर
आपल्या मागासारखीच, झोप लागते.'

अप्पांनी माग थांबवला नाही.
साखर पेठेत काचांना काळे कागद,
अंधारात धोटा
जात राहिला, येत राहिला.

कंबर तलावात पोहायला शिकलेला मल्लेशअण्णा.
तिथलं पाणी किती खोल,
कुणाला विचारणार?
गल्लीत समुद्र पाहिलेला
तो एकटाच.

आईनं शेंगा भाजल्या, कुटल्या.
वहिनी म्हणाली, मीठ राहिलं.
राहू दे, म्हणाली,
तिथं काय कमी आहे.

डब्याला फडकं शिवलं.
पत्ता मी लिहायचा. तिसरीत होतो.
त्याचं नाव लिहिलं, बोटीचं लिहिलं,
आणि गावाच्या जागी
पेन्सिल तशीच धरून बसलो.